पाण्याचा जिना चढणारी होडी

कालवा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वाहते पाणी येते. खडकवासल्याहून निघून पुणे शहरातून पुढे जाणारा मुठा कालवा घ्या किंवा नीरेचे कालवे घ्या. धरणातून सुटलेले पाणी हळूहळू उताराने शेतापर्यंत नेणे हे त्यांचे काम. त्यामुळे त्यांना उतार असावाच लागतो. इंग्लंडात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जे शेकडो मैल कालवे खणले गेले, त्यांचा हेतू निराळा होता. त्यांतून माल भरलेल्या होड्या जायच्या होत्या, त्याही दोन्ही दिशांनी. म्हणून तिथले पाणी शक्य तितके स्थिर ठेवलेले असते. त्या कालव्यात पाणी जोराने वाहू लागले, तर कुठेतरी काठ फुटला किंवा कुणीतरी झडप उघडी टाकली असे समजावे.

इथे लगेच एक प्रश्न उभा राहतो, आणि तो वर्गात विचारण्याजोगा आहे. स्थिर पाण्याचा पृष्ठभाग सपाट असतो, जमीन मात्र सपाट नसते. मग वाटेत टेकडी आली तर होडी वर कशी चढणार? सातवी-आठवीतली मुले याची बरीच उत्तरे देतात. कुणी बोगदा सुचवतो, कुणी वळसा घालायला सांगतो, कुणी होडी दोरीने ओढून घ्यावी म्हणतो. हे तिन्ही उपाय खरोखर वापरले गेलेले आहेत. चौथा उपाय, म्हणजे पाण्याचाच जिना करण्याचा, सहसा कुणाला सुचत नाही. तो जिना पाहण्यासाठी आपण इंग्लंडच्या मध्यभागी जाऊ आणि तिथल्या एका अरुंद होडीतून एक दिवस प्रवास करू.

आपला कालवा आहे वूस्टर ते बर्मिंगहॅम. लांबी ३० मैल, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटर. तो वूस्टरला सेव्हर्न नदीपासून निघतो आणि बर्मिंगहॅमच्या पठारावर पोचेपर्यंत सुमारे १३० मीटर उंची गाठतो. त्यासाठी वाटेत ५८ लॉक आहेत. लॉक म्हणजे भूगोलात पनामा कालवा शिकवताना आपण ज्याला जलपाश म्हणतो तेच. इथे ते पनामाच्या मानाने अगदी खेळण्यातले वाटावेत इतके लहान आहेत, आणि ते चालवायला कुणी कर्मचारी नसतो. होडीतल्या माणसांनीच खाली उतरून ते चालवायचे. या ५८ पैकी ३० लॉक टार्डेबिग नावाच्या खेड्याच्या उतारावर एकापाठोपाठ एक आहेत. सव्वादोन मैलांत २२० फूट चढ! ब्रिटनमधली ही लॉकची सर्वांत लांब रांग. आपला दिवस तिथेच जाणार आहे.

सात फुटांचे कोडे

आधी होडीकडे पाहू. नॅरोबोट या नावाचा अर्थच अरुंद होडी. रुंदी ६ फूट १० इंच आणि लांबी मात्र ७० फुटांपर्यंत. आगगाडीचा एखादा डबा आणखी चिंचोळा करून पाण्यात सोडावा तशी ती दिसते. हे प्रमाण लॉकच्या मापावरून ठरले आहे. लॉक ७ फूट रुंद आणि साधारण ७२ फूट लांब. हे माप रूढ केले जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने. मँचेस्टरला कोळसा आणणारा ब्रिजवॉटर कालवा १७६१ साली सुरू झाला, त्याचे काम ब्रिंडलीने केले होते. तो आला आणि मँचेस्टरमधल्या कोळशाचा भाव निम्म्यावर उतरला. त्यानंतर कालव्यांसाठी पैसा गुंतवणाऱ्यांची रांग लागली. पुढच्या कालव्यांना टेकड्या ओलांडायच्या होत्या. लॉकची रुंदी कमी केली की दगडविटांचे काम कमी होते आणि, आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, पाणीही कमी लागते. ब्रिंडली १७७२ साली वारला. आपला कालवा त्यानंतरचा. त्याचा कायदा १७९१ चा आणि तो पूर्ण झाला १८१५ साली. याचे बोगदे रुंद होड्यांसाठी खणले आहेत. लॉक बांधायची वेळ येईपर्यंत कंपनीचे पैसे आटत आले होते, म्हणून लॉक अरुंद झाले. सरकारी कामांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे नवे वाटणार नाही.

एवढ्या अरुंद होडीत पूर्वी २५ टनांच्या आसपास माल जात असे आणि ती ओढायला एक घोडा पुरे. घोड्याच्या पाठीवर लादले तर सव्वाशे किलो, बऱ्या रस्त्यावर गाडीला जुंपले तर टन-दोन टन, आणि काठच्या पायवाटेवरून दोर ओढला तर २५ टन. याचे कारण पाण्याचा विरोध वेगाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात बदलतो. वेग अगदी कमी ठेवला की विरोध जवळपास नाहीसा होतो. घनपदार्थांच्या घर्षणात ही सवलत मिळत नाही. दगडावर ठेवलेला दगड कितीही हळू ढकला, घर्षण असतेच.

घोड्याची जागा आता डिझेल इंजिनाने घेतली आहे, पण वेग घोड्याचाच राहिला आहे. कालव्यावर ताशी ४ मैलांची मर्यादा आहे आणि प्रत्यक्षात होडी ताशी ५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे काठावरून चालणाऱ्या माणसाच्या बरोबरीने जाते. इंजिनाचा जोर वाढवून फारसा उपयोग होत नाही. उथळ आणि अरुंद पात्रात होडीने पुढे ढकललेले पाणी बाजूंच्या फटींतून मागे यायला हवे. ते पुरेसे लवकर येत नाही, त्यामुळे होडीखालची पातळी उतरते, तिची मागची बाजू खाली बसते, लाटा उठून काठाची माती पडते आणि वेग मात्र तेवढाच राहतो.

सुकाणू चालवणारा सगळ्यांत मागे उभा असतो. दांडा डावीकडे ढकलला की होडीचे नाक उजवीकडे वळते. पण होडी मधल्या भागाभोवती फिरत असल्यामुळे त्याच वेळी शेपूट डावीकडे फेकले जाते. सतरा-अठरा टनांच्या लोखंडी होडीला ब्रेक नसतो. पंखा उलटा फिरवायचा आणि वाट पाहायची. पंख्याचे पाणी सुकाणूवर आपटत असेपर्यंतच सुकाणू काम करते, म्हणून घाबरून इंजिन बंद करणाऱ्या नवशिक्याची होडी सरळ झुडपात जाते.

दार कधी उघडते?

सकाळी स्टोक पाउंड येथून निघालो की लगेच टार्डेबिगच्या रांगेतला पहिला, म्हणजे २९ क्रमांकाचा लॉक समोर येतो. विटांची एक लांबट, खोल पेटी. वरच्या टोकाला एक दार, खालच्या टोकाला दोन पल्ल्यांचे दार. आपण खालून वर जाणार आहोत. पेटी रिकामी, म्हणजे खालच्या पातळीला असेल, तर खालचे पल्ले उघडून होडी आत घ्यायची आणि पल्ले लावून घ्यायचे. मग विंडलास नावाची लोखंडी वाकडी किल्ली दातेरी चाकाला लावून वरच्या बाजूच्या झडपा उचलायच्या. वरचे पाणी पेटीत शिरू लागते आणि होडी उचलली जाते. तीन-चार मिनिटांत ती सात फूट वर येते. वरचे दार उघडायचे, होडी बाहेर काढायची, झडपा व दार बंद करायचे आणि पुढच्या लॉककडे वळायचे.

खालचे दोन पल्ले एका रेषेत नसतात. ते वरच्या पाण्याकडे टोक करून एकमेकांना तिरके टेकतात. पाणी जितका दाब देते तितके ते घट्ट मिटतात. अशा तिरक्या पल्ल्यांची कल्पना पंधराव्या शतकाच्या अखेरीस मिलान शहराच्या कालव्यांवर लिओनार्दो दा विंचीने वापरली असे मानले जाते. लॉक स्वतः मात्र त्याहून बराच जुना आहे. चीनमध्ये इ.स. ९८४ साली छियाओ वेय्युए या अधिकाऱ्याने महाकालव्यावर दोन दारांमध्ये होडी घेण्याची युक्ती केली होती. उतारावरच्या खेचाखेचीत होड्या फुटत आणि तेवढ्यात धान्याची चोरीही होई, हे त्यामागचे कारण!

आता दाराचे गणित पाहू. वरचे दार साधारण २.१ मीटर रुंद आणि पाण्यात दीड मीटर बुडलेले आहे असे समजा. पाण्यातले क्षेत्रफळ सुमारे ३.१५ चौरस मीटर. पाण्याच्या पातळीत १ सेंटिमीटर फरक असेल तर दर चौरस मीटरवर १० किलो भार जास्त पडतो. पेटी भरत आली आहे, आत आणि बाहेर फक्त १५ सेंटिमीटर फरक उरला आहे. दारावरचा भार किती? १५० गुणिले ३.१५, म्हणजे सुमारे ४७० किलो. दाराला बिजागरीपलीकडे चारेक मीटर लांबीची जाड तुळई जोडलेली असते, तिला पाठ लावून दार ढकलायचे असते. पाण्याचा भार बिजागरीपासून साधारण १ मीटरवर आणि आपला जोर ४ मीटरवर. तरफेच्या नियमाने तरीही १२० किलोंच्या आसपास जोर लागेल. एकट्याचे ते काम नाही. हाच फरक २ सेंटिमीटरवर आला की १६ किलो पुरतात आणि दहा वर्षांची मुलगीही दार उघडू शकते. अंगात जोर असलेले तरुण अगदी शेवटच्या मिनिटाला तुळईशी झोंबताना दिसतात. अनुभवी माणूस तिच्यावर नुसता टेकून उभा राहतो. पातळ्या जुळल्या की दार आपणहून हलू लागते.

उतरताना एक धोका असतो. वरच्या दाराच्या पायाशी पेटीत पुढे आलेला दगडी उंबरा असतो. पेटी भरलेली असताना तो पाण्याखाली दिसत नाही. होडी मागे सरकून तिचे शेपूट त्यावर राहिले आणि पाणी उतरले, तर मागची बाजू उंबऱ्यावर अडकते, पुढची खाली जाते आणि होडी काही क्षणांत बुडू शकते. म्हणून उंबऱ्याची जागा भिंतीवर पांढऱ्या रेघेने दाखवलेली असते. झडप उघडणाऱ्याने होडीवरची नजर हलवायची नाही, हा लॉकवरचा पहिला नियम.

जड होडीला पाणी जास्त लागते का?

आपल्या लॉकची पेटी २२ मीटर लांब, सुमारे २.२ मीटर रुंद आणि चढ २.१५ मीटरच्या आसपास. गुणाकार केला तर सुमारे १०४ घनमीटर, म्हणजे १ लाख लिटरांहून थोडे जास्त पाणी. दर खेपेला एवढे पाणी वरून खाली येते.

मुलांना विचारा: रिकामी होडी चढवायला जास्त पाणी लागेल की २५ टन कोळशाने भरलेली? बहुतेक जण भरलेल्या होडीला जास्त पाणी लागेल असे सांगतील. मग हा प्रयोग करावा. उभ्या भिंतींचा एखादा प्लास्टिकचा डबा घ्या आणि त्यावर खाली एक व वर एक अशा दोन खुणा करा. आत एक वाटी तरंगू द्या आणि पाणी खालच्या खुणेपर्यंत आणा. आता मोजपात्राने वरच्या खुणेपर्यंत पाणी भरा आणि किती लागले ते लिहा. नंतर वाटीत खडे ठेवा. पाणी वर चढेल. ते काढून पुन्हा खालच्या खुणेवर आणा. परत वरच्या खुणेपर्यंत भरा. दोन्ही वेळा पाणी सारखेच लागते. आर्किमिडीजचे तत्त्व इथे फार सोप्या रूपात भेटते. होडीने आपल्या वजनाइतके पाणी आधीच बाजूला सारलेले असते आणि आपण भरतो ते फक्त दोन खुणांमधले.

वरच्या वर्गातल्या मुलांना इथे थांबू देऊ नये. वाटीत खडे घातल्यावर आपण जे पाणी काढून टाकले ते प्रत्यक्षात कुठे गेले? होडी खालून पेटीत शिरली तेव्हा तिने आपल्या वजनाइतके पाणी दारातून खाली ढकलले. चढल्यावर ती वरच्या दारातून बाहेर पडली, तेव्हा तिच्या जागी तेवढेच पाणी वरून पेटीत आले. म्हणजे चढणारी १७ टनांची होडी वरच्या टप्प्यातून १०४ अधिक १७ घनमीटर पाणी नेते, आणि उतरणारी १०४ उणे १७. जड माल खाली न्यायचा असेल तर कालव्याचे पाणी वाचते!

त्याहून मोठी बचत पाळीपाळीने जाण्यात आहे. एक होडी उतरली की पेटी रिकामी होते, त्याच रिकाम्या पेटीत चढणारी होडी घेतली तर एका भरतीत दोघींचे काम होते. चढणाऱ्या दोन होड्या लागोपाठ आल्या तर प्रत्येकीला वेगळी भरती लागते. म्हणून समोरून होडी येताना दिसली की थांबायचे, हा कालव्यावरचा शिष्टाचार. त्याच्या मुळाशी पाण्याचा हिशेब आहे.

टार्डेबिगच्या रांगेत हा हिशेब डोळ्यांना दिसतो. दोन लॉकमधले टप्पे अगदी आखूड आहेत. समजा एखादा टप्पा १०० मीटर लांब व १० मीटर रुंद आहे. त्यातून एक भरती काढली की त्याची पातळी १० सेंटिमीटर उतरते. उथळ कालव्यात अशा तीन-चार भरत्या निष्काळजीपणे काढल्या, की होडी गाळावर बसते. रात्री कुणी एक झडप अर्धवट उघडी ठेवली तर सकाळी त्या टप्प्याच्या जागी चिखल दिसतो.

मध्येच एका टप्प्यावर आपण जेवायला थांबू. आज अशा होडीत स्वयंपाकघर, न्हाणीघर, पलंग सारे असते. मालवाहतुकीच्या काळात मात्र होडीची जवळजवळ सगळी लांबी मालाला जाई आणि मागच्या १० फुटांच्या खोलीत अख्खे कुटुंब राही. मुले जन्मायची होडीत, काम शिकायची होडीत, आणि एका गावात एका दिवसाहून जास्त राहणेच नसल्यामुळे शाळेत जाणे जवळपास अशक्य. जॉर्ज स्मिथ यांनी या मुलांसाठी चळवळ केली आणि १८७७ व १८८४ साली कायदे झाले. होडीची नोंद ज्या गावी, त्या गावची ही मुले मानावीत अशी तरतूद झाली. पण गाव कागदावर नेमले तरी होडी पुढे जातच राहिली, आणि अनेकांना अक्षरओळख झालीच नाही. ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुले ज्यांच्या हजेरीपटावर आहेत त्या शिक्षकांना यावर अधिक काही सांगायला नको.

नवख्यांना ही रांग चढायला चार-पाच तास लागतात. एक जण होडीवर राहतो आणि दुसरा पुढचा लॉक तयार करायला चालत जातो. शेवटचा ५८ क्रमांकाचा लॉक आला की भिंती अचानक उंच वाटतात. याची खोली सुमारे १४ फूट, म्हणजे बाकीच्यांच्या जवळजवळ दुप्पट. त्यामागे एक गोष्ट आहे. माथ्यावर पाण्याची टंचाई होणार हे कंपनीला आधीच ठाऊक होते. म्हणून १८०८ साली जॉन वुडहाउस याने इथे लॉकऐवजी एक पाळणा उभारून दाखवला. पाण्याने भरलेली लाकडी पेटी होडीसकट वर उचलायची, आणि दुसऱ्या बाजूला विटांचे वजन. पाणी जवळपास खर्चच होत नसे. तो चालला, पण रोजच्या वापरात टिकेल याचा भरवसा कंपनीला वाटला नाही आणि त्या जागी हा खोल लॉक बांधला गेला. म्हणजे पाणी वाचवण्यासाठी जिथे यंत्र बसवले होते, तिथेच आता प्रत्येक होडी माथ्यावरून २ लाख लिटर पाणी घेते. वुडहाउसच्या पाळण्याला आणखी संधी द्यायला हवी होती असे आम्हाला वाटते. पण पैसे आम्ही गुंतवले नव्हते.

हे पाणी आणायचे कुठून? त्यासाठी तलाव बांधावे लागले. टार्डेबिगचा तलाव रांगेच्या कडेलाच आहे, पण माथ्याच्या खाली. त्यामुळे त्याचे पाणी वाफेच्या इंजिनाने वर चढवावे लागे. त्या इंजिनाची इमारत अजून उभी आहे. बिटेल येथे तलाव बांधताना अॅरो नदीवरच्या पाणचक्क्यांच्या मालकांनी हक्क सांगितला, आणि त्यांच्या भरपाईसाठी एक वेगळा तलाव बांधावा लागला.

माथ्यावर होडी बांधण्याच्या जागी एल. टी. सी. रोल्ट हे अभियंता-लेखक 'क्रेसी' नावाच्या होडीत काही वर्षे राहत होते. त्यांचे 'नॅरो बोट' हे पुस्तक १९४४ साली निघाले. ते वाचून रॉबर्ट ऐकमन त्यांना भेटायला १९४५ साली इथे आले, आणि पुढच्या वर्षी दोघांच्या पुढाकाराने कालवे वाचवण्यासाठी एक संघटना स्थापन झाली. मालवाहतूक १९६० च्या दशकात जवळपास संपली, कालवे मात्र राहिले. २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समधले बहुतेक कालवे एका विश्वस्त संस्थेकडे आहेत आणि त्यांवर ३५,००० च्या आसपास होड्या आहेत.

होड्या वाढल्या, तलाव मात्र बहुतेक दोनशे वर्षांपूर्वीचेच. २०२५ चा वसंत इंग्लंडमध्ये शंभराहून अधिक वर्षांतला सर्वांत कोरडा ठरला, आणि लीड्स ते लिव्हरपूल कालव्याचा डोंगर ओलांडणारा मोठा भाग मे महिन्यापासूनच होड्यांसाठी बंद करावा लागला. पुढे इतर कालव्यांवरही तीच वेळ आली. ज्या देशातला पाऊस आपल्याकडे थट्टेचा विषय असतो, तिथली ही स्थिती. कारण साधे आहे. कालव्याला वर्षाचा एकूण पाऊस किती यापेक्षा माथ्यावरच्या तलावात हिवाळ्यात आणि वसंतात किती पाणी साठले यावर जगावे लागते.

टार्डेबिगच्या माथ्यापासून बर्मिंगहॅम १४ मैल. या सगळ्या वाटेत चढउताराचा एकही लॉक नाही. बोगदे आहेत, त्यांतला सर्वांत लांब जवळजवळ अडीच किलोमीटरचा. पुढे बोर्नव्हिलचा चॉकलेटचा कारखाना लागतो. तिथून शहराच्या मध्यात पोचले की वाटेत एक बांध दिसतो, ७ फूट रुंदीचा. बांधाच्या पलीकडे बर्मिंगहॅमच्या जुन्या कालवा-कंपनीचे पाणी. आपले पाणी नव्या कालव्यात उतरून जाईल या भीतीने त्या कंपनीने १७९१ च्या कायद्यात अट घालून घेतली की दोन्ही कालवे एकमेकांना जोडायचे नाहीत. १७९५ पासून पुढची वीस वर्षे या बांधाच्या एका बाजूला एक होडी आणि दुसऱ्या बाजूला दुसरी उभी करून, ७ फुटांच्या त्या पट्टीवरून सगळा माल हाताने पलीकडे नेला जात होता. १८१५ साली बांधात एक लॉक बसवला तेव्हा होड्या आरपार जाऊ लागल्या. बांधाचा उरलेला भाग तिथे आजही आहे आणि त्याला दोन्ही बाजूंनी होड्या बांधलेल्या असतात.